घोड्याचं पोट: चंदीत काय मिसळावं, किती आणि का

घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरतं, पोटात चारा असो वा नसो. जठरही लहान, ८ ते १५ लिटरचं. चाऱ्यातला तंतू आंबवण्याचं काम पुढे आंधळ्या आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात. दिवसभर थोडी थोडी वैरण मिळाली की हे सगळं सुरळीत चालतं. वैरणीत खंड पडला तर महागडी पावडरही फारशी उपयोगी पडत नाही.

आधी वजन काढा, कारण पुढची मापं त्यावर ठरतात. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ आणि लांबी १५० भरली तर वजन सुमारे ३४४ किलो. अशा घोड्याला रोज ५ ते ७ किलो सुकी वैरण हवी आणि दोन खाण्यांत चार-पाच तासांहून मोठं अंतर नको. चंदी, म्हणजे दाण्याचं खाद्य, एका वेळी ओटची ८५० ग्रॅम, मक्याची ५०० ग्रॅम यापुढे नेऊ नका. जास्तीचा स्टार्च न पचता मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे आम्ल वाढतं आणि पोटशूळ किंवा खुरांची सूज मागे लागते.

पहिली पूरक वस्तू सगळ्यात स्वस्त: मीठ. दर १०० किलो वजनाला १० ग्रॅम, म्हणजे आपल्या घोड्याला रोज ३५ ग्रॅम साधं मीठ ओलसर चंदीत. मीठ मिळालं की घोडा पाणी पितो, आणि पाणी कमी पडलं की लीद सुकून आतड्यात अडकते. हिवाळ्यात हा अडथळा जास्त दिसतो, कारण गार पाणी घोडे टाळतात. तेव्हा कोमट पाणी ठेवा.

दुसरी वस्तू लसूणघास. त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठरातलं आम्ल सौम्य करतात. खोगीर चढवण्याआधी अर्धा तास अर्धा-एक किलो सुका लसूणघास द्या. रिकाम्या पोटी पळवलं की आम्ल उसळून जठराच्या वरच्या, उघड्या भागाला लागतं. व्रण बहुधा तिथेच होतात. आपल्याकडे मोतद्दार (घोड्याची निगा राखणारे) तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत, गव्हाचा कोंडा भरभरून देतात. त्याने लीद मऊ होते खरी, पण कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या सुमारे दहापट. महिनोन् महिने असं चाललं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं आणि जबड्याची हाडं सुजतात. नेपियर गवतातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणजे कोंडा आणि नेपियर ही जोडी आणखी वाईट. कोंडा दिवसाला अर्ध्या किलोच्या आत ठेवा आणि जोडीला लसूणघास द्या.

जिवंत यीस्ट (सॅकरोमायसिस सेरेव्हिसी) तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना मदत करतं. चंदी जास्त खाणाऱ्या किंवा खाद्य बदलत असलेल्या घोड्याला त्याचा फायदा होतो. मात्रा पाकिटावरची घ्या, पण यीस्ट ‘जिवंत’ आहे का ते तपासा. गरम पाण्यात कालवलं की ते मरतं. पत्र्याच्या तबेल्यात मे महिन्यात ठेवलेल्या डब्यातही फारसं काही उरत नाही. दोन-तीन आठवडे दिल्याशिवाय फरक ठरवू नका, आणि त्या काळात दुसरं काही नवं सुरू करू नका, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही.

समुद्रकिनाऱ्यावर फिरणाऱ्या किंवा उघड्या मातीवरून चारा वेचणाऱ्या घोड्यांसाठी इसबगोल. आधी तपासणी: जमिनीला न टेकलेले लिदेचे पाच-सहा गोळे पारदर्शक पिशवीत लिटरभर पाण्यात कुस्करा आणि १५ मिनिटं लटकवून ठेवा. तळाशी चमचाभर वाळू साचली तर इसबगोलची भुशी सुरू करा. दर किलो वजनाला अर्धा ते एक ग्रॅम, सलग ७ दिवस, मग पुढच्या महिन्यापर्यंत थांबा. रोजच देत राहिलात तर आतड्यातले जिवाणू ती पचवायला शिकतात आणि वाळू आहे तिथेच राहते. भुशी पाण्यात भिजवू नका, गिळगिळीत झाली की घोडा तोंड फिरवतो. थोडं तेल लावलेल्या चंदीत कोरडी मिसळून लगेच द्या. शेजारी पाणी हवंच. आणि वैरण जमिनीवर टाकू नका, रबरी पाटीत द्या. तो खरा उपाय.

गाई-म्हशींची पेंड किंवा कोंबडीखाद्य स्वस्त पडतं म्हणून घोड्याला कधीही घालू नका. त्यात मोनेन्सिन हे गुरा-कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलं जाणारं औषध असू शकतं. गुरांना चालणारी मात्राही घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करते. युरिया प्रक्रिया केलेला कडबाही टाळा, आणि बुरशी लागलेला मका तर गुरांकडेही वळवू नका.

घोडा पाय आपटतोय, कुशीकडे वळून पाहतोय, लोळतोय, लीद टाकत नाही, तर चंदी, वैरण आणि पूरक खाद्य सगळं लगेच बंद करून पशुवैद्याला बोलवा. नाळीने किंवा बाटलीने तेल पाजायची जुनी सवय इथे जिवावर बेतते, कारण तेल फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया होतो. तेल नाकातून नळी घालून पशुवैद्यच देईल. तोवर जबड्याखालच्या धमनीवर नाडी मोजून लिहून ठेवा. शांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते; ६०च्या वर स्थिर राहिली तर ते फोनवरच सांगा.