खेळाडू ते क्लबचालक: गोव्यातील फुटबॉल कारकीर्द कशी लिहावी

गोव्यात एखाद्या क्लबाचा रौप्य किंवा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते आणि त्या स्मरणिकेत एका माणसावरचा लेख हमखास लागतो: तरुणपणी नोकरी सांभाळून खेळलेला आणि पुढे स्वतःच्या खिशातून संघ चालवलेला. असे लेख बहुधा विशेषणांनी भरतात, आणि वाचून झाल्यावर तो कोणत्या जागी खेळत होता हेही कळत नाही. लिहिणाऱ्याने पहिल्याच दिवशी दोन वह्या कराव्यात, एक खेळाडूची आणि एक मालकाची. खेळाडूची कारकीर्द साक्षीदारांच्या तोंडून आणि वृत्तपत्रांतून सिद्ध होते, मालकाची हिशेबातून आणि इतिवृत्तांतून. दोन्ही एकाच वहीत मिसळली की मालकाने खर्च केलेल्या पैशाची कृतज्ञता त्याच्या जुन्या गोलांची संख्या वाढवू लागते.

खेळाडूच्या वहीची सुरुवात नोकरीपासून करावी. अर्धव्यावसायिक खेळाडू म्हणजे दिवसा खाण कंपनी, बंदर, बँक, पोलीस किंवा सरकारी खाते आणि संध्याकाळी मैदान. गोव्यात अनेकांना नोकरीच मुळी खेळासाठी मिळाली, म्हणून नेमणुकीचे पत्र, बदलीचा आदेश आणि निवृत्तीचा दाखला ही कागदपत्रे खेळाच्या इतिहासातही कामाची ठरतात. एखाद्या वर्षी तो संघात का नव्हता, याचे उत्तर कित्येकदा दुखापतीत नसून पाळीच्या वेळापत्रकात सापडते.

त्यानंतर काळाचा पट आखावा. फुटबॉलचा हंगाम दोन कॅलेंडर वर्षांत पसरतो, म्हणून "1983 साली" असे मोघम न लिहिता हंगाम आणि सामन्याची तारीख वेगवेगळी नोंदवावी. राज्यांच्या संघांमध्ये होणाऱ्या संतोष करंडक या राष्ट्रीय स्पर्धेचे उदाहरण यासाठी उपयोगी आहे. 1982-83 च्या स्पर्धेत गोवा आणि बंगाल संयुक्त विजेते ठरले. 1983-84 मध्ये गोव्याने पंजाबला हरवून करंडक एकट्याने जिंकला. "संतोष करंडक जिंकणाऱ्या गोव्याच्या संघात होता" असे कुटुंबीय सांगतात तेव्हा यांपैकी कोणत्या संघात, अंतिम अकरांत की राखीव खेळाडूंत, की फक्त निवड शिबिरात, हे विचारायलाच हवे. शिबिरापर्यंत पोहोचणे ही गावच्या खेळाडूसाठी मोठी गोष्ट आहे आणि तसे स्पष्ट लिहिल्याने त्याचा मान कमी होत नाही.

श्रेणीच्या नावांबाबत तर याहून जास्त सावध राहावे. गोवा फुटबॉल असोसिएशनची स्थापना पोर्तुगीज राजवटीत, 1959 साली झाली, आणि तेव्हापासून तिच्या स्पर्धांची रचना अनेकदा बदलली. आज प्रोफेशनल लीग सर्वांत वर आहे, फर्स्ट डिव्हिजन तिच्या खाली. प्रोफेशनल लीग सुरू होण्यापूर्वीच्या काळाला हीच उतरंड लागू होत नाही. म्हणून त्या हंगामातील तक्ता पाहून "त्या वर्षीची सर्वोच्च श्रेणी" किंवा "वरून दुसरी श्रेणी" असे शब्दांत लिहावे. नुसते श्रेणीचे नाव लिहिले तर आजचा तरुण वाचक त्याला एक पायरी खाली उतरवील.

पुराव्यासाठी पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बसण्याला पर्याय नाही. दैनिक गोमन्तक 1962 पासूनचा आहे, त्यामुळे 1961 मध्ये गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाल्यानंतरच्या दशकांसाठी मराठी वृत्तपत्रांच्या फायलींवर बरेच भागते. मुक्तीपूर्व सामन्यांसाठी पोर्तुगीज वाचणारा कोणी सोबत घ्यावा. ओ हेराल्डो हे दैनिक 1983 पर्यंत पोर्तुगीजमध्येच निघत होते. फायली चाळताना केवळ क्रीडापान पाहू नये, कारण गावच्या फेस्ताच्या किंवा जत्रेच्या निमित्ताने झालेल्या स्पर्धांची बातमी स्थानिक वार्तापत्रात दडलेली असते. शोधायला जाण्यापूर्वी त्या माणसाच्या नावाची सगळी रूपे लिहून न्यावीत: कागदोपत्री नाव, घरचे नाव, मैदानावरचे टोपणनाव, आडनावाचे पोर्तुगीज आणि मराठी लेखन. एकाच गावात चार नाईक आणि सहा फर्नांडिस खेळत असताना "नाईक याने गोल केला" एवढ्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. तो काही वर्षे मुंबईत राहिला असेल, तर धोबीतलाव परिसरातील गावच्या कूडमध्ये (मुंबईत आलेल्या गावकऱ्यांच्या सामायिक निवासात) आणि मुंबईच्या स्थानिक लीगच्या बातम्यांतही शोध घ्यावा, कारण गोव्यातील कित्येक खेळाडूंची जडणघडण मुंबईच्या कूपरेज फुटबॉल मैदानावर झाली.

आता मुलाखती. पहिली मुलाखत त्याच्या जिवलग मित्राची न घेता त्याच्या विरुद्ध खेळलेल्या गोलरक्षकाची किंवा बचावपटूची घ्यावी. मित्र स्वभाव सांगतो, प्रतिस्पर्धी खेळ सांगतो: चेंडू कोणत्या पायाने घ्यायचा, उडी कशी होती, दमल्यावर काय करायचा. "माणूस कसा होता?" या प्रश्नाला "खूप चांगला" यापलीकडे उत्तर येत नाही. त्याऐवजी सामन्याला कशातून जात होता, भाडे कोण देत होते, बूट कुठून आणले, सामन्यामागे काही मानधन मिळे का, असे विचारावे. बोलणे बहुतेक कोकणीतच होईल. ध्वनिमुद्रण जपून ठेवावे आणि एखाददुसरे वाक्य लेखात जसेच्या तसे घ्यावे. तो स्वतः हयात असेल तर त्याच्याशी सर्वांत शेवटी बोलावे, म्हणजे तोपर्यंत गोळा झालेली कात्रणे पुढे ठेवता येतात आणि कात्रण पाहिल्यावर माणसाला न विचारलेलेही आठवते.

मालकाची वही उघडताना पहिला प्रश्न कायद्याचा असतो. गावचा क्लब सामान्यतः 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलेला असतो आणि अशा संस्थेला अध्यक्ष, सचिव, खजिनदार असतात, मालक नसतो. तरीही ज्याच्या पैशावर संघ उभा आहे त्याला सगळा गाव मालक म्हणतो. लेखात दोन्ही गोष्टी सांगाव्यात: नोंदणीपत्रावर त्याचे पद काय होते आणि प्रत्यक्षात निर्णय कोण घेत होते. वार्षिक सभेची इतिवृत्ते मागून घ्यावीत. जर्सी, चेंडू, मैदानाची डागडुजी, बाहेरगावच्या आणि परदेशी खेळाडूंच्या राहण्याची सोय, सामन्यासाठीचा टेम्पो, पंचांचे मानधन यांवर किती खर्च झाला आणि त्यातला त्याचा वाटा किती, हे जिथे कागद आहेत तिथे आकड्यांत द्यावे. त्याने निवडणूक लढवली असेल तर तेही लिहावे. गोव्यात क्लब आणि राजकारण एकमेकांपासून फार लांब कधीच नव्हते, आणि वाचकाला ते ठाऊक असतेच.

त्याच्या निर्णयांचे मोजमाप करताना बाहेरची परिस्थिती विसरू नये. साळगावकर आणि धेंपो हे क्लब खाणउद्योगातील घराण्यांच्या आधारावर वाढले. साळगावकरने 1998-99 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि धेंपोने तिच्या जागी आलेली 2007-08 ची पहिली आय-लीग. गावचा मालक मात्र ट्रक, बार्ज, हॉटेल किंवा किराणा दुकानाच्या मिळकतीवर संघ चालवत होता. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि 2018 मध्ये लीज रद्द होऊन पुन्हा थांबल्या, तेव्हा खाणपट्ट्यातील अशा मिळकती आटल्या. एखाद्याने त्या काळात वरिष्ठ संघ मागे घेतला असेल तर त्याला थेट अपयश म्हणण्यापूर्वी तारखा जुळवून पाहाव्यात. मोठ्या क्लबांनीही माघार घेतली होती: अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आय-लीगचे स्थान खाली नेण्याचा आराखडा मांडल्यावर 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा त्या लीगमधून बाहेर पडले. धेंपो पुढे 2023-24 च्या दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवून परत आला, म्हणून "संघ संपला" हे शब्द घाईने वापरू नयेत.

वारसा हा भाग लिहिताना बहुतेक लेखक करंडकांची यादी देतात, आणि तीच सर्वांत कमी उपयोगाची असते. माझ्या मते वारशाची तपासणी मैदानापासून करावी. मैदान कोमुनिदादच्या (गावच्या सामुदायिक जमीनसंस्थेच्या) जमिनीवर आहे, पंचायतीच्या, चर्चच्या, देवस्थानाच्या की कोणा भाटकाराच्या (जमीनदाराच्या), हे एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातील जमीननोंदीच्या उताऱ्यावरून कळते; क्लबचालकाने ते खेळासाठी राखून ठेवण्याचा करार करून घेतला असेल तर त्याच्या कारकिर्दीतील ती सर्वांत टिकाऊ गोष्ट आहे. गावची कित्येक मैदाने म्हणजे कापणीनंतर मोकळे पडलेले शेत असते आणि असा करार नसेल तर तिथे कधीही घर उभे राहू शकते. यानंतर वयोगटाच्या संघांकडे वळावे: तो गेल्यावर चौदा किंवा सोळा वर्षांखालील संघ किती हंगाम नोंदवले गेले, मुलींचा संघ निघाला का, त्याच्या हाताखालचे कोण पुढे प्रशिक्षक किंवा पंच झाले. खेळामुळे कोणाला नोकरी लागली, हेही घरोघरी विचारून नोंदवावे. वाद झाले असतील, मानधन थकले असेल, खेळाडू सोडून गेले असतील, तर दोन्ही बाजू ऐकून चार ओळी लिहाव्यात. त्या गाळल्या की लेखावर गावातच कोणी विश्वास ठेवत नाही.

छायाचित्रांच्या मागे उभे आणि बसलेले यांची नावे डावीकडून उजवीकडे, हंगाम आणि मैदानासह पेन्सिलीने लिहून घ्यावीत, आणि ही नावे ओळखणारे ज्येष्ठ आजारी पडण्यापूर्वी हे काम उरकावे. स्मरणिकेत मंत्र्यांच्या शुभेच्छा-संदेशांना इतकी पाने जातात की छायाचित्रे टपाल तिकिटाएवढी छापली जातात. संपादकाशी भांडून एक पूर्ण पान मिळवावे. छपाईपूर्वीचा मजकूर कुटुंबाला आणि एका जुन्या प्रतिस्पर्ध्याला वाचायला द्यावा, चुका दुरुस्त कराव्यात, पण स्तुती वाढवण्याची विनंती नम्रपणे नाकारावी. छापून आल्यावर दोन प्रती मध्यवर्ती ग्रंथालयात जमा कराव्यात आणि मुलाखतींच्या ध्वनिफिती क्लबाच्या सचिवाकडे पावती घेऊन सुपूर्द कराव्यात.