इंग्रजी फ्रेझल व्हर्ब कशी शिकावीत

खानापूर किंवा निपाणीच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना इंग्रजी काळ आणि वाक्यरचना बऱ्यापैकी येतात. अडचण होते ती फ्रेझल व्हर्बपाशी, म्हणजे क्रियापदाला ‘ऑफ’, ‘अप’सारखा छोटा जोडशब्द लागून वेगळाच अर्थ देणाऱ्या रूपांपाशी. ‘पुट’ म्हणजे ठेवणे आणि ‘ऑफ’ म्हणजे दूर हे ठाऊक असूनही ‘पुट ऑफ’चा अर्थ पुढे ढकलणे असा होतो, हे त्यावरून ओळखता येत नाही.

प्रथम, एकाच क्रियापदाची सारी रूपे पाठ करण्याचा मार्ग सोडावा, कारण ‘लुक फॉर’ (शोधणे), ‘लुक आफ्टर’ (सांभाळणे) आणि ‘लुक इनटू’ (चौकशी करणे) ही एका बैठकीत घोकल्यास हमखास एकमेकांत मिसळतात. त्याऐवजी प्रसंग निवडावा. बँकेत कर्जाचा अर्ज भरणे म्हणजे ‘फिल इन’, तो देणे म्हणजे ‘हँड इन’ आणि बँकेने तो नाकारणे म्हणजे ‘टर्न डाउन’.

वहीत सुटा अर्थ न लिहिता कर्मासह पूर्ण वाक्य लिहावे. ‘दे पुट ऑफ द हिअरिंग’, म्हणजे त्यांनी सुनावणी पुढे ढकलली. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमादाव्यामुळे बेळगावकरांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये!

कर्माची जागा हा खरा कळीचा भाग असून त्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. ‘पुट ऑफ द हिअरिंग’ आणि ‘पुट द हिअरिंग ऑफ’ ही दोन्ही रूपे चालतात, परंतु नामाऐवजी सर्वनाम आले की ते मध्येच बसते: ‘पुट इट ऑफ’. याउलट ‘लुक आफ्टर’ कधीच फुटत नाही. तेथे ‘लुक आफ्टर हर’ असेच म्हणावे लागते. कर्म आहे की नाही यावरून अर्थही बदलतो. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमान ‘टेक ऑफ’ करते तेव्हा कर्म नसते आणि अर्थ उड्डाणाचा होतो. कपिलेश्वराच्या देवळात शिरताना चपला ‘टेक ऑफ’ करतो तेव्हा चपला हे कर्म असते आणि अर्थ काढण्याचा होतो.

पुढे जोडशब्दांची लकब ओळखावी. ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांतील ‘अप’ क्रिया पुरती संपल्याचे सुचवतो, जसे आपण ‘खाऊन टाकले’ म्हणतो. मात्र ‘गिव्ह अप’ (सोडून देणे) यासारख्या रूपांना हा नियम ताणून लावू नये.

कार्यालयीन पत्रात ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’ लिहिणे अधिक शोभते. ‘कॅरी आउट’ (पार पाडणे) मात्र तेथेही निःशंक चालते.