मुरुमांवरील मलमांची तुलना कशी करावी

मुरुमांवरचे औषध घेताना बहुतेक जण ट्यूबवरील मोठ्या अक्षरांतले नाव पाहतात, परंतु तुलनेच्या कामाचे असते ते खाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव आणि त्याचे प्रमाण. नागपुरातल्या सीताबर्डीच्या एकाच दुकानात निरनिराळ्या किमतींना मिळणाऱ्या दोन-तीन ट्यूबांमध्ये तेच ॲडापॅलीन ०.१ टक्के असू शकते. तेव्हा आधी आपले मुरूम कोणत्या प्रकारचे आहेत ते आरशात नीट पाहावे आणि मग घटक निवडावा.

कपाळावर, नाकावर काळे-पांढरे बारीक दाणे अधिक असतील, तर छिद्रे बुजणे हे मूळ दुखणे असते. तेथे ॲडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइन ही रेटिनॉइड गटातील औषधे सर्वांत उपयोगी पडतात. सॅलिसिलिक आम्लाचा फेसवॉश त्यांच्यापुढे सौम्यच. दोहोंपैकी ॲडापॅलीन त्वचेला कमी झोंबते आणि प्रकाशात टिकते, म्हणून नवख्याने सुरुवात त्यानेच करावी असे माझे मत आहे. गरोदरपणात मात्र दोन्ही टाळावीत.

पुळ्या लाल, दुखऱ्या, पू धरलेल्या असतील, तर बेंझॉइल पेरॉक्साइड हवे. ते जंतू मारते आणि जंतूंना त्याची सवय जडत नाही. याउलट क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाचे जेल एकटेच महिनोन्महिने लावल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात, त्यामुळे ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच वापरण्याची पद्धत आहे. अधिक टक्के म्हणजे अधिक गुण, हा समजही येथे खोटा ठरतो: लाल पुळ्यांवर २.५ टक्क्यांचे जेल १० टक्क्यांच्या जेलइतकेच काम करते आणि त्याने जळजळही कमी होते. याची एक खोड मात्र आहे, ती म्हणजे कपड्यांचा रंग उडवणे. स्कूटरवर तोंडाला स्कार्फ बांधून जाणाऱ्या मुलींच्या रंगीत स्कार्फवर हनुवटीपाशी फिके डाग पडतात ते यानेच. टॉवेल, अभ्रा आणि स्कार्फ पांढरे ठेवणे हा सोपा उपाय आहे.

मुरूम जाऊनही काळे डाग मागे राहत असतील, आणि आपल्या सावळ्या त्वचेत ते राहतातच, तर ॲझेलेइक आम्लाचा विचार करावा. ते मुरूम व डाग दोन्हींवर काम करते आणि गरोदरपणातही सहसा चालते. परिणाम सावकाश दिसतो, एवढेच.

औषध कोणतेही असो, एका वेळी एकच नवे सुरू करावे, नाहीतर गुण कशाचा आणि त्रास कशाचा हे कळत नाही. रेटिनॉइड रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, मटाराच्या दाण्याएवढे घेऊन केवळ पुळीवर नव्हे, तर मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ पसरावे. पहिले दोन-तीन आठवडे एक रात्र आड. या काळात त्वचा सोलते, कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटते, आणि बहुतेक जण नेमके तेव्हाच ट्यूब बदलतात. निवाडा १२ आठवड्यांनी, त्याच खिडकीच्या उजेडात काढलेल्या छायाचित्रांवरून करावा. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक नऊ दिवसांच्या, उन्हात त्वचा आधीच भाजलेली असते, म्हणून शक्य असल्यास रेटिनॉइडची सुरुवात पावसाळा लागल्यावर करावी, आणि दिवसा तेलविरहित, एसपीएफ ३० वा अधिकचे सनस्क्रीन बाराही महिने लावावे.

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे ट्यूबवर दिसली तर ती तुलनेत धरूच नये. ही स्टेरॉइडे आहेत. आठवडाभर चेहरा उजळल्यासारखा दिसतो, पुढे त्वचा पातळ व लाल होते आणि मुरूम दुपटीने उठतात. खोल, गाठीसारखे मुरूम किंवा खड्डे पडू लागले असतील, तर मलमांत वेळ न घालवता नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावे. तेथे पोटातून घ्यायची औषधे ठरवावी लागतात.