कोणता डिबगर घ्यावा? आधी फाइल बघा

धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या काट्यासमोर रांगेत उभ्या होत्या आणि नव्या कॉम्प्युटरवर काट्याचा जुना प्रोग्रॅम एकच पालुपद लावून बसला होता: ‘काटा जोडलेला नाही’. केबल बदलून झाली, काटाही ठीक होता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने धंदा केव्हाच गुंडाळलेला, सोर्स कोड कुणाकडेच नाही. शेठ दर पाच मिनिटांनी डोकावायचे, “काय व्हयनं भो?”

अशा वेळी डिबगर कामाला येतो. चालता प्रोग्रॅम हवा तिथे थांबवायचा आणि त्या क्षणी त्याच्या मेमरीत, रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांत) काय आहे ते बघायचं. मी मात्र उलट्या बाजूने सुरुवात केली. ‘सगळ्यात ताकदवान कोणता’ हे शोधून विनडीबीजी नावाचा डिबगर उघडला आणि त्याच्या कमांडी पाठ करण्यात संध्याकाळ घालवली.

पहिली पायरी : फाइल कशाची आहे?

हे कळलं की निम्मी निवड आपोआप होते. ‘डिटेक्ट इट ईझी’ हे फुकट साधन घ्या, त्यात फाइल ओढून टाका. ३२ बिट की ६४, कोणत्या कंपायलरने (कोडची चालणारी फाइल बनवणाऱ्या साधनाने) बनवलेली, यूपीएक्ससारख्या पॅकरने (फाइल दाबून गुंडाळणाऱ्या साधनाने) बांधलेली आहे का, हे ते सांगतं.

डॉटनेट (मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅम बनवायची चौकट) निघालं तर नशीबवान समजा. डीएनस्पाय हा डॉटनेटसाठीचा डिबगर वापरा, मूळ प्रकल्प २०२० मध्ये थांबला, पण डीएनस्पाय-ईएक्स नावाने पुढे चालू आहे. त्यात जवळजवळ मूळ सी-शार्प कोडच वाचायला मिळतो आणि त्यावरच ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम थांबवायची खूण, लावता येतो.

व्हिज्युअल बेसिक ६ निघालं तर जरा सावध राहा. आपल्याकडच्या दाल मिल, जिनिंग, आडतीच्या दुकानांतले कितीतरी प्रोग्रॅम यातलेच. नेटिव्ह कोड (थेट प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना) असेल तर साधा डिबगर चालतो. पी-कोड असेल तर मात्र पडद्यावर प्रोग्रॅम दिसतच नाही, त्याला चालवणारा दुभाष्या तेवढा गरगर फिरताना दिसतो.

दुसरी पायरी : विंडोज, लिनक्स की मॅक?

विंडोजवर नेटिव्ह प्रोग्रॅम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: एक्स६४डीबीजी. फुकट, मुक्त सोर्स, आणि त्याच पॅकेजमध्ये ३२ बिटसाठी एक्स३२डीबीजी. जुन्या पुस्तकांत ऑलीडीबीजी भेटेल. एके काळी तो राजा होता, पण ६४ बिटला त्याचा हात पोचत नाही, म्हणून आज नव्याने शिकण्यात अर्थ नाही. विनडीबीजी मायक्रोसॉफ्टचा, ड्रायव्हर किंवा कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) उतरायचं असेल तर तोच. शिवाय तो प्रोग्रॅमची पूर्ण धाव नोंदवून नंतर मागे मागे नेऊ शकतो. कधीतरीच दिसणाऱ्या बिघाडासाठी याला तोड नाही.

लिनक्सवर जीडीबी, पण उघडाबोडका नको. जीईएफ किंवा पीडब्ल्यूएनडीबीजी हे जोड लावले की प्रत्येक थांब्यावर रजिस्टर आणि स्टॅक (फंक्शनांना दिलेल्या माहितीची मेमरीतली चळत) समोर मांडलेले मिळतात. मॅकवर एलएलडीबी.

गिड्रा या कोड उलगडणाऱ्या साधनाचं काय, असं मुलं विचारतात. अमेरिकेच्या एनएसएने तो २०१९ मध्ये खुला केला आणि कोड वाचायला तो फारच छान आहे. डिबगर त्यात २०२१ मध्ये आला. मी गिड्रात वाचतो आणि एक्स६४डीबीजीत थांबवतो.

तिसरी पायरी : एक छोटा प्रश्न घेऊन चालवून बघा

डिबगरची पारख वैशिष्ट्यांच्या यादीवरून होत नाही. माझा प्रश्न होता, काट्याशी बोलायला प्रोग्रॅम कोणतं पोर्ट (जोडणीचं दार) उघडतोय? विंडोजमध्ये सीरियल पोर्टसुद्धा फाइलसारखंच, क्रिएटफाइल या फंक्शनने उघडतात. फाइल ३२ बिटची नेटिव्ह होती, म्हणून एक्स३२डीबीजीत त्या फंक्शनच्या ‘ए’ रूपावर (क्रिएटफाइलए) ब्रेकपॉइंट लावला आणि प्रोग्रॅम सोडला. आधी इतर फाइलींसाठी काही वेळा थांबला, मग स्टॅकच्या खिडकीत नाव उमटलं: कॉम१. नव्या मशीनवर यूएसबीची जोडणी कॉम५ झाली होती! डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ५ चा १ केला आणि काटा बोलायला लागला. प्रोग्रॅमच्या एका बाइटलाही हात लावावा लागला नाही.

प्रोग्रॅम डिबगर दिसताच बंद पडत असेल तर तो बहुधा ‘इजडिबगरप्रेझेंट’सारखी, डिबगर जोडलाय का हे बघणारी तपासणी करतोय. एक्स६४डीबीजीला डिबगर लपवणारं सिलाहाइड प्लगइन जोडता येतं, हे त्याच्या बाजूचं आणखी एक कारण. अनोळखी फाइल असेल तर हे सगळं व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आतल्या आभासी कॉम्प्युटरवर), स्नॅपशॉट, म्हणजे मागे फिरता येईल अशी नोंद, घेऊनच. डिबगरमध्ये चालवणं म्हणजेही चालवणंच.

कायद्याचंही बघून घ्या. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला, दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी लागणारी आणि सहज न मिळणारी माहिती काढायला मुभा देतं. लायसन्सचं कुलूप तोडणं त्यात येत नाही. आणि काट्याच्या प्रोग्रॅममधल्या वजनाच्या आकड्याला हात लावायला कुणी सांगितलं, तर चहा पिऊन सरळ घरी या.