सीपॅप मशीन नवीन आणलंय? सुरुवातीला या चुका टाळा

झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र म्हणजे सीपॅप. मी तीन रात्री मास्क लावून पाहिला आणि चौथ्या दिवशी मशीन खोक्यात भरून पलंगाखाली ढकललं. पुढचे अकरा दिवस ते तिथंच होतं. कुणी विचारलं की एकच उत्तर, "मला ते सूट होत नाही." मग एका दुपारी अमळनेरहून धरणगावकडे जाताना स्टिअरिंगवर माझा डोळा लागला. बायकोने ओरडून हात धरला म्हणून वाचलो. त्याच संध्याकाळी खोकं बाहेर काढलं.

मशीन ठीक होतं, लावण्यात चुकत होतं. गेल्या तीन वर्षांत आमच्या भागातल्या बऱ्याच जणांना मशीन लावताना पाहिलं आणि जवळपास प्रत्येक जण त्याच चुका करताना दिसला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

याला ऑक्सिजन समजू नका

मशीन घरात आलं की गल्लीतले लोक बघायला येतात. "ऑक्सिजनवर शे का रे भाऊ?" हा प्रश्न मला दहा जणांनी तरी विचारला असेल. कोरोनाच्या आठवणीने घरचेही घाबरतात आणि पेशंट लाजून मशीन लपवायला लागतो. यात ऑक्सिजनचा काही संबंध नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, मेंदू दचकून जागा करतो, आणि हे रात्रभर चालतं. माझ्या तपासणीत तासाला 38 वेळा श्वास अडकत होता. 5 पेक्षा कमी म्हणजे नॉर्मल आणि 30 च्या वर म्हणजे तीव्र. मशीन खोलीतलीच हवा दाबाने आत सोडतं आणि त्या दाबाने वाट उघडी राहते. 1981 साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय मांडला तेव्हापासून तत्त्व तेच आहे. घरच्यांना हे पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगा, निम्मा ताण तिथंच जातो.

मास्क बसून लावणं आणि आवळून बांधणं

सगळ्यात जास्त मशीन याच चुकीमुळे कपाटात जातात. मी पलंगावर बसून मास्क लावायचो, पट्टे ओढायचो आणि आडवा व्हायचो. आडवं झालं की गाल मागे ओघळतात, चेहऱ्याचा आकार बदलतो आणि डोळ्यांकडे हवा सुटायला लागते. मग मी पट्टा आणखी ओढायचो. सकाळी नाकाच्या दांडीवर लालभडक वळ, डोळे कोरडे आणि हवा तरीही सुटतच होती.

मास्कची सिलिकॉनची कड आत हवा भरून फुगली तरच चेहऱ्याला नीट बसते. आवळली की ती चेपते आणि कडेला फटी पडतात. आता मी असं करतो: पट्टे सैल ठेवून मास्क लावतो, नेहमीच्या उशीवर आडवा होतो, मशीन सुरू करतो. मग मास्क दोन बोटांनी चेहऱ्यापासून किंचित उचलून हळूच परत टेकवतो, की कड फुगून बसते. त्यानंतर लागेल तेवढाच पट्टा, दोन्ही बाजूंनी सारखा.

अजून एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. बऱ्याच मशीनला रॅम्प असतो, म्हणजे सुरुवातीला दाब अगदी कमी, बहुतेक 4 (हा दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात), आणि मग हळूहळू वाढतो. त्या कमी दाबावर मास्क छान बसलाय असं वाटतं. रात्री एक वाजता दाब 10-11 वर गेला की फुसफुस सुरू. म्हणून मास्क बसवून पाहताना रॅम्प बंद ठेवा. ठिबकचं तसंच आहे. पंप पूर्ण दाबाने चालवल्याशिवाय कुठला जोड गळतोय ते कळत नाही, आणि जोड गळत असला तर पंप कितीही चालवा, शेवटच्या झाडाला पाणी मिळत नाही.

मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, तिथून हवा येतच राहते. ती गळती नाही. आपण सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. एका काकांनी त्यावर चिकटपट्टी लावली होती. असं कधीही करू नका, आणि थंडीत त्यावर गोधडी ओढू नका.

एवढं करूनही जमत नसेल तर मास्कचा प्रकार किंवा माप बदला. फक्त नाकावरचा, नाकपुड्यांत टेकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा असे तीन मुख्य प्रकार आहेत. दाट मिशा असतील किंवा तोंड उघडं टाकून झोपायची सवय असेल, तर हे मास्क घेतानाच सांगा.

थेट रात्री सुरुवात करणं

जीव घुसमटतो, हे खरं आहे. त्यावर जोर करून उपयोग नाही. दिवसा, जागेपणी, पेपर वाचताना किंवा टीव्ही बघताना वीस मिनिटं मास्क लावून बसा, मशीन चालू ठेवून. चार-पाच दिवसांत अंग सरावतं. मला आठवडा लागला.

पाणी, धूळ आणि आपला उन्हाळा

हवा दमट करायला मशीनला पाण्याची छोटी टाकी असते. तिच्यासाठी पुस्तिकेत डिस्टिल्ड वॉटर लिहिलेलं असतं आणि आपण बोअरचं पाणी भरतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने महिनाभरात टाकीच्या बुडाला पांढरा क्षार धरतो. बॅटरीचं पाणीही नको, ते श्वासासाठी बनवलेलं नसतं. मेडिकलवर डिस्टिल्ड वॉटर मागा. रोज सकाळी उरलेलं पाणी ओता, टाकी कोरडी करा. टाकीत पाणी असताना मशीन उचलू नका, पाणी मोटारीत जातं. मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली, स्टुलावर ठेवा.

डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला की नळीत पाणी साचतं आणि थेंब तोंडावर येतात. नळी गोधडीच्या आतून घ्या किंवा टाकीची उष्णता कमी करा. उन्हाळ्यात कूलरचा झोत सरळ नळीवर आला तरी हेच होतं.

मे महिन्यातली धूळ आणि कापसाच्या दिवसांतला फुफाटा यांनी फिल्टर लवकर काळा पडतो. दर आठवड्याला बघा. कागदी फिल्टर धुऊन परत लावू नका. मास्कची कड रोज सौम्य साबणाने धुवा, सॅनिटायझर नको. चेहऱ्याला तेल किंवा क्रीम लावून मास्क लावलात तर तो घसरणारच.

अर्धी रात्र लावून समाधान मानणं

"चार तास लावलं तरी पुरे," असं लोक सांगतात. चार तास हा वापर मोजायचा किमान आकडा आहे, तेवढं लावलं की उपचार पूर्ण झाला असं नाही. स्वप्नं पडतात ती झोप पहाटेकडे जास्त असते आणि बऱ्याच जणांचा श्वास तेव्हाच जास्त अडकतो. तीन वाजता मास्क काढून टाकला तर नेमका तोच वेळ उघडा पडतो.

दुपारच्या झोपेचंही तसंच. शेवभाजी-भाकरी खाऊन आडवं झालं की तासभर जातो, तेव्हाही मास्क हवाच. आणि उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतो. मशीन खाली, आपण वर. मी पहिल्या वर्षी दोन महिने असे घालवले आणि पुन्हा दिवसा पेंगायला लागलो. आता गच्चीवर एक्स्टेंशन बोर्ड नेतो.

भारनियमनासाठी इन्व्हर्टर असेल तर उत्तम. बॅटरीवर चालवताना पाणी गरम करणं बंद ठेवा, जास्त वीज तिथंच जाते.

स्वतः दाब बदलणं, सेकंड हँड मशीन घेणं

पोट फुगतं, ढेकर येतात, म्हणजे हवा पोटात जातेय. आधी गळती आणि चोंदलेलं नाक तपासा, रात्रीचं जेवण लवकर करा, डाव्या कुशीवर झोपून बघा. तरीही त्रास राहिला तर डॉक्टर दाब बदलतील. दुसऱ्याचं बघून स्वतः बदलू नका.

कुणाचं वापरलेलं मशीन स्वस्तात मिळतं, पण त्यातला दाब त्याच्या घशासाठी ठरवलेला असतो. शिवाय जून 2021 मध्ये फिलिप्सने आपली कित्येक मशीन आतला फोम झिजतो म्हणून परत मागवली होती. मॉडेल आणि नंबर तपासल्याशिवाय घेऊ नका.

सकाळी मशीनच्या पडद्यावर दोन आकडे बघायची सवय लावा, तासाला अडकलेले श्वास आणि गळती. पहिला आकडा 5 च्या खाली असूनही महिना-दोन महिन्यांनी दिवसा झोप येत असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, रात्रीच्या गोळ्या, दारू हे सगळं डॉक्टरांसमोर ठेवा. तोवर गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला द्या. मी तेव्हा दोन महिने एसटीने जळगावला जात होतो.