सीएलएलमधील हाडांची झीज : या चुका टाळा

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, या रक्ताच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे औषधांविना केवळ देखरेखीखाली असतात. त्या काळात सगळ्यांचे लक्ष पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर असते आणि हाडांची चौकशी होते ती बहुधा मणका खचल्यावर.

‘सीएलएल हाडांना धक्का लावत नाही’ हे पाठ केलेले वाक्य निवासी डॉक्टरांच्या तोंडून ऐकून मी कंटाळलो आहे. मायलोमा या रक्ताच्या दुसऱ्या कर्करोगात हाडांना पडतात तशी भोके या आजारात क्वचितच पडतात, हे खरे. परंतु अस्थिमज्जेत साचलेल्या बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवरील रँकल हे प्रथिन हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना चेतवते, आणि याच लिम्फोसाइटमधून स्रवणारी टीएनएफ-अल्फा व इंटरल्युकिन-6 ही द्रव्ये हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींची घडण रोखतात. मोडतोड वाढते, बांधणी मंदावते आणि हाड गाजावाजा न करता विरळ होत जाते.

त्यात स्टिरॉइडची भर पडली की काय होते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. साठी ओलांडलेल्या एका बाईंना सीएलएलमुळे तांबड्या पेशी फुटण्याचा त्रास सुरू झाला, म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिले. हिमोग्लोबिन चढले आणि आम्ही खूश झालो. चौथ्या महिन्यात त्यांची पाठ दुखू लागली, तेव्हा एक्स-रेच्या अहवालातील ‘वयोमानानुसार बदल’ हे शब्द मी निमूट स्वीकारले. साध्या एक्स-रेत विरळपणा दिसेपर्यंत हाडातील सुमारे 30 टक्के खनिज गेलेले असते, हे मला ठाऊक असूनही! पुढे पाण्याची बादली उचलताना त्यांचा मणका दबला. त्यानंतर केलेल्या डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या चाचणीत, टी-स्कोअर हा घनतेचा आकडा उणे 3.1 आला, आणि उणे 2.5 पासूनच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, मानतात.

स्टिरॉइडमुळे होणारी झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते, त्यामुळे ‘कोर्स संपल्यावर पाहू’ या म्हणण्याला अर्थ नाही. प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून अधिक चालेल असे दिसले, तर त्याच चिठ्ठीवर, गोळीच्या नावाआधी, मी डेक्सा आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी लिहितो.

रक्तातील कॅल्शियम सामान्य आहे म्हणून हाडे ठीक समजू नयेत, कारण शरीर गरज पडल्यास हाडातून काढून ती पातळी राखते. उलट ते वाढलेले आढळल्यास केवळ कॅल्शियमच्या गोळ्या बंद करून स्वस्थ बसू नये. कॅल्शियमची पातळी सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींची तपासणी करावी आणि रिक्टर रूपांतर (सीएलएलचे आक्रमक लिम्फोमात बदलणे) किंवा सोबतचा मायलोमा नाही ना, हेही पाहावे. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची साप्ताहिक पुडी मोजमाप न करता वर्षभर घेणे हाही उतावळेपणाच आहे.

हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रोनिक आम्लाचे इंजेक्शन देण्याआधी दात आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासायला वेळ नाही, असे म्हणणाऱ्यांना मी इंजेक्शनच देऊ देत नाही. त्याच कामाच्या डेनोसुमॅब या इंजेक्शनची सहामाही मात्रा चुकवणे तर त्याहून वाईट, कारण औषध अचानक थांबल्यावर झीज उसळी घेते आणि कधीकधी एकापाठोपाठ अनेक मणके दबतात. म्हणून पुढच्या मात्रेची तारीख मी रुग्णाच्या नव्हे, घरच्यांच्या मोबाइलमध्ये माझ्यासमोर नोंदवून घेतो.