निसर्ग शिक्षण केंद्र सुरू करताय? या चुका टाळा

केंद्र काढायचं ठरलं, की पहिल्याच बैठकीत इमारतीचा आराखडा टेबलावर येतो. जमिनीवर पाणी कुठून वाहतं, कोणतं झाड कधी फुलतं, हे तोवर कुणी पाहिलेलं नसतं. एका ठिकाणी उन्हाळ्यात कोरडा दिसणारा सखल तुकडा पाहून तिथेच सभागृह उठवलं. पावसाळ्यात त्या तुकड्यात साचणारं पाणी हेच त्या जागेचं वैभव होतं. बेडूक अंडी घालायला तिथेच यायचे. पहिल्याच पावसात सभागृहात पाणी शिरलं, बेडूक दिसेनासे झाले. देणग्या भिंतींतच संपल्याने मार्गदर्शकाच्या पगाराला पैसे उरले नाहीत आणि मुलांच्या सहली बंद दारावरून परत जाऊ लागल्या.

सगळे ऋतू पाहून होईपर्यंत मी एक वीटही रचू देत नाही. दर महिन्याला त्याच पायवाटेने वही घेऊन फिरायचं, शेजारच्या लोकांना सोबत घेऊन. साप कुठे निघतात, ओढा कधी आटतो, हे त्यांना ठाऊक असतं आणि पुढे केंद्र जपणारेही तेच असतात. ज्यांना हे एक वर्ष जड जातं, त्यांनी केंद्राच्या भानगडीत पडू नये.

दुसरी चूक तर अगदी डोक्यात जाते: तळ्यात मासे सोडणं. डासांची तक्रार आली, की कुणीतरी गप्पी किंवा गँबुशिया आणून टाकतं. मूळची उत्तर अमेरिकेतली गँबुशिया डास मारायला म्हणून जगभर नेली गेली, पण ती बेडकांची पिल्लं आणि चतुर या उडत्या कीटकांची पाण्यात वाढणारी पिल्लंही खाते. डासांच्या अळ्या खाणारे चतुरच असे कमी होतात आणि मुलांनी जाळी बुडवली तर हाती काही लागत नाही. काठ एका बाजूने उतरता ठेवा, पाणवनस्पती वाढू द्या. चतुर आपणहून येतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात, म्हणून बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर मी आठवड्यातून एकदा रिकामे करायला लावतो.

फुलपाखरू बागेत नुसती शोभेची फुलं नकोत. मोनार्क फुलपाखराचे सुरवंट रुईच्या कुळातल्या वनस्पतींवरच वाढतात. ती नसेल तर मादी अंडी घालणार कुठे?

चाळीस मुलांमागे एक मार्गदर्शक देऊ नका, मागच्यांना काहीच ऐकू येत नाही. पिंजरे नकोत. पालापाचोळा जाळू नका.

आणि मुलांना नुसतं ऐकवत बसू नका. 1977 साली जॉर्जियातल्या त्बिलिसी शहरात भरलेल्या युनेस्कोच्या परिषदेने पर्यावरण शिक्षणाच्या उद्दिष्टांत ज्ञानाबरोबर सहभागही ठेवला होता. रोपवाटिकेतली माती कालवणं, नोंदवही भरणं ही कामं मुलांच्याच हाती द्या.